राजाचं खोटं

“हात वर करा, वैनी,” पुंडलिक म्हणाला आणि त्याने माझ्या दंडाभोवती टेप गुंडाळली. “बाही कोपरापर्यंत ठेवू, काय आखूड करू?”

“बाही ऱ्हवांदे. माका तुमच्याकडे दुसरां काम आसा.”

“ब्लाऊज सोडून?”

“रविवारच्या खेळात राजाक एक प्रश्न इचारशात?”

पुंडलिकचे हात थांबले. त्याने टेप गळ्यात टाकली, बाहेरच्या बाकावर कुणी बसलेलं नाही हे बघून घेतलं आणि मशीनच्या स्टुलावर बसला. बसतानाही त्याने मांडीवरचं धोतर असं सारखं केलं, जशा बाईने निऱ्या सावराव्यात.

पुंडलिक गावकर दिवसा आमच्या बाजारात बायकांचे कपडे शिवायचा आणि दशावतारात राणी व्हायचा. माझा नवरा, आत्माराम पालव, त्याच मंडळात राजा. कोकणातला दशावतार ज्यांनी पाहिला नसेल त्यांना सांगायला हवं, की या नाटकाला लिहिलेलं काही नसतं. कुठली कथा करायची ते मंडळाचे मालक ऐन वेळी, नट तोंडाला रंग लावायला बसले की सांगतात. कोण कुणाचा बाप, कोण कुणाला शाप देणार, एवढं ठरतं. बाकी ज्याचं त्याने उभ्या उभ्या बोलायचं. राणीने वाटेल ते विचारावं, राजाला उत्तर द्यावंच लागतं. माझ्या नवऱ्याला उत्तर सुचलं नाही असं कधी कुणी पाहिलं नव्हतं. त्यांचं नाव होतं ते त्यावरच.

घरी मात्र सगळा आनंद होता. “भात वाढ.” “पंचो खंय आसा?” “येतंय.” दिवसाकाठी एवढंच. राजाची सगळी वाचा राणीला वाहून झालेली असायची आणि उरलेला मुका माणूस माझ्याकडे जेवायला यायचा. लोक मला म्हणायचे, काय नशीबवान तू, असा बोलका नवरा. मी काय बोलणार?

“कसलो प्रश्न?” पुंडलिकने विचारलं.

मला सांगायला जड गेलं. पण महिनाभर पोटात ठेवून ठेवून त्याचा दगड झाला होता.

महिन्यापूर्वी मी आणि माझी मोठी जाऊ, सुमतीवैनी, मागच्या पडवीत आमसुलांसाठी रतांबे फोडत बसलो होतो. हात लालभडक झालेले, बोलणं इकडचं तिकडचं चाललेलं. बोलता बोलता ती म्हणाली, “तुका म्हाईत नाय? भावजींचां लगीन इंदूवांगडा ठरल्यात जमा होतां. मामंजींनी तुझ्या बापाशीक शब्द दिल्लो म्हणान ऱ्हवलां. भावजी कायएक बोलले नाय. शब्द म्हंजे शब्द.” आणि पुढचा रतांबा उचलला.

जिच्याशी यांचं लग्न व्हायचं होतं ती इंदू म्हणजे इंदुमती. नदीपलीकडच्या वाडीतल्या शाळेत बाई होती. लग्न केलं नव्हतं. का केलं नव्हतं, हा प्रश्न तोपर्यंत मला कधी पडला नव्हता. त्या दिवसापासून दुसरा कुठला पडेना.

पालवांचा आत्माराम शब्दाचा पक्का, हे वाक्य मी लग्नापासून ऐकत आले होते आणि दरवेळी फुशारले होते. आता ते ऐकलं की अंगाचा तिळपापड व्हायचा. शब्दाचा पक्का! म्हणजे शब्द माझ्या वाट्याला आणि बाकीचं तिच्या. मी तिच्यावर डोळा ठेवला. बाजारात ती कुठे थांबते, काय घेते, ते बघायची. तिने बांगडे घेतले तर त्या दिवशी मी बांगड्यांना हात लावत नसे. तिच्याकडे निळी छत्री होती, तर मी माझी निळी छत्री नणंदेला देऊन टाकली. नवऱ्याचे शर्ट धुण्याआधी हुंगून बघायची. त्यात पुन्हा माझी गंमत अशी, की दुसऱ्या बायकांना नवऱ्याच्या शर्टावर कुंकवाचा डाग दिसला तर लगेच छडा लावता येतो. माझ्या नवऱ्याच्या शर्टावर कुंकू, काजळ, पावडर सगळं सदानकदा असायचं, आणि ते सगळं पुंडलिकचं असायचं.

हे मी पुंडलिकला सांगितलं. शर्टाचं सोडून सगळं सांगितलं. तो हसला नाही.

“आणि ह्यां मी इचारू?”

“तुमी राणी. तुमी इचारलात तर तेंका बोलाक व्हयां.”

“पण वैनी, थंय तो राजा. कायव सांगतलो. मी थंय पदर भिजासर रडतंय, म्हणान घराकडे जावन रडतंय काय?”

“तां माझां मी बगतलंय. माका खरां व्हयां. तेंचां तोंड बघून माका कळतलां.”

पुंडलिकने कात्री उचलली, परत ठेवली. मग त्याच्यातला नट जागा झाला असावा, कारण तो एकदम कामाला लागल्यासारखा बोलू लागला.

“बरां. शब्द खंयचो वापरू? ‘एकनिष्ठ’ म्हटलां तर तो माका हसत हसत गुंडाळून ठेवतलो. जो दुसरीकडे जाणा नाय तो एकनिष्ठ. आत्माराम खंय जाता? खंयच नाय. ‘इमानी’ म्हटलां, तर तां चाकराचां. मीठ खाल्लां म्हणान जागलो. ‘वचनी’ म्हटलां तर तेचीच बाजू भक्कम. तेना वचन पाळलांच आसा.”

“मगे?”

“तुमका तेच्या मनातलां व्हयां. म्हंजे उलट्या बाजूसून जावक व्हयां.” तो विचार करत राहिला. “बेइमान म्हणाचां नाय. बेइमान उघड उघड जाता, तेका लोक वळाखतत. फितूर येगळो. फितूर घरातच ऱ्हवता, जेवता खाता, निष्ठावंतासारखो दिसता. आणि आतसून दार उघडून ठेयता.”

तो शब्द माझ्या छातीत रुतून बसला. महिनाभर मी ज्याला नाव शोधत होते ते हेच होतं. माझ्या नवऱ्याने काही केलं नव्हतं, कुठे गेला नव्हता, कुणाला फसवलं नव्हतं, आणि तरी घराचं दार कुठूनतरी उघडं होतं आणि वारा येत होता.

“ह्योच इचारा,” मी म्हटलं.

“आत्माराम माझो मित्र, वैनी.”

“माझो घोव तो.”

पुंडलिक स्टुलावरून उठला. त्याने पुन्हा टेप घेतली आणि माझी राहिलेली मापं पुरी केली.

रविवारचा खेळ भरदुपारचा होता. रिक्षावाल्यांची सत्यनारायणाची पूजा होती, आणि रात्री त्यांना दुसऱ्या वाडीत भजनाला जायचं होतं, म्हणून त्यांनी दशावतार तीन वाजता लावला. उन्हात राजे लोकांचे हाल. मांडवाचा पत्रा तापलेला, तोंडावरचा सफेदा घामाने ओघळतोय, आणि ऋषी महाराज रंगपटात पंख्यापुढून हलायला तयार नाहीत. मी लवकर जाऊन दुसऱ्या रांगेत खुर्ची धरली. लग्न झाल्यापासून मी दोनतीनदाच खेळाला गेले असेन. घरच्या माणसाचं काय बघायचं, असं वाटायचं.

थोड्या वेळाने शाळेतल्या बायका आल्या. तिघी होत्या, मधली इंदुमती. बरोबर माझ्या पुढे, पहिल्या रांगेत बसली. मला तिची मान दिसत होती आणि अबोलीचा गजरा. मी गजरा घातला नव्हता. घालायला हवा होता, असं मला फार वाटलं.

कथा मालकांनी रचलेली होती. राजा सुवर्णध्वज, राणी पद्मलोचना. स्वयंवरात राणीने राजाला माळ घातलेली. राजा आता लढाईला निघालाय आणि मागे एक राक्षस राजाचंच रूप घेऊन राजवाड्यात शिरणार आहे. म्हणून जाण्याआधी राजाराणीचा निरोप. पुंडलिक हिरव्या शालूत आला तेव्हा मला क्षणभर ओळखता येईना. कालपर्यंत माझी मापं घेणारा हा माणूस रंगमंचावरच्या एकुलत्या बाकड्यापाशी असा उभा राहिला, की त्या लाकडी बाकड्याचं सिंहासन झालं. आणि हे आले. मुगुट, तलवार, छातीवर माळा. चालण्यातला तो डौल मी घरी कधी पाहिला नव्हता. घरी हे चपला घासत चालतात.

“महाराज,” राणी म्हणाली, “निघण्यापूर्वी दासीच्या एका प्रश्नाचं उत्तर द्याल?”

“एका का? विचार, प्रिये. तुझ्या प्रश्नांना उत्तरं देण्यातच आमचं आयुष्य जावं.”

“आपण माझ्याशी एकनिष्ठ आहात ना?”

हे हसले. पुंडलिकने सांगितलं होतं तसेच, अगदी तसेच हसले. “राणी, सूर्याला जाऊन विचारशील का, बाबा रे, तू पूर्वेशी एकनिष्ठ आहेस ना? त्याचं रोजचं उगवणं हेच त्याचं उत्तर.”

“सूर्य पूर्वेला उगवतो खरा, महाराज. पण दिवसभर चालत असतो तो पश्चिमेकडेच.”

रिक्षावाल्यांनी शिट्ट्या मारल्या. हे जराही अडले नाहीत. “चालतो. पण रात्र सरली की परत कुणाच्या दारात उभा राहतो, तेही सांग ना!”

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला सांगू? असं कुणी माझ्याशी बोललं असतं तर मी आयुष्यभर भांडले नसते. हे सगळं कुणाला मिळत होतं, तर पुंडलिक शिंप्याला. त्या क्षणी मला त्याचा शालू ओढून काढावासा वाटला.

राणी दोन पावलं पुढे आली. तिचा आवाज उतरला.

“परत येणं हे वचन झालं, महाराज. वचन पायांनी पाळता येतं. वडिलांच्या आज्ञेने आपण माझ्याशी विवाह केलात, दिलेला शब्द राखलात, म्हणून राज्य आपल्याला सत्यवचनी म्हणतं. पण सत्यवचनी असतो तो खराही असतो का? घरात राहून, घरचं अन्न खाऊन, आतून दार उघडून ठेवणाऱ्याला आपल्या राज्यात काय म्हणतात? फितूर म्हणतात. आपण एकनिष्ठ आहात, महाराज. आपलं मन फितूर नाही ना?”

यांनी तोंड उघडलं. मला दिसलं, उत्तर जिभेवर आलं होतं. डावा हात वर गेला, मोठं वाक्य टाकायचं असलं की जातो तसा. मग यांनी पुंडलिककडे जरा वेळ पाहिलं, आणि मान वळवून समोरच्या माणसांकडे पाहिलं.

आता कुणाकडे बघतात, एवढंच माझ्या डोक्यात होतं. पुढच्या रांगेत ती, मागच्या रांगेत मी. दोघींमध्ये हातभराचं अंतर. मला वाटलं, आता कळेल.

यांनी माझ्याकडे पाहिलं. सरळ, माझ्या डोळ्यांत. आणि हात खाली आला.

मृदंगवाल्याने उगाच एक थाप मारून बघितली. पेटीवरच्या बुवांनी सूर धरून ठेवला, राजा आता बोलेल, मग बोलेल म्हणून. राजा बोलला नाही. बाकड्यावरची तलवार उचलली आणि राणीला नमस्कार केल्यासारखी मान झुकवून आत निघून गेला. बुवांनी घाईघाईने पद सुरू केलं आणि पुंडलिक बाकड्याला धरून रडू लागला. त्याचं रडणं मात्र नेहमीचं होतं.

“काय राजा केल्यान!” माझ्या मागचा एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला. “एक शब्द बोललो नाय. नुसतो डोळ्यांनी बोललो.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो अभिनय वाटला.

मी पुढे वाकून इंदुमतीकडे बघितलं. ती मांडीवरच्या पुडीतले शेंगदाणे सोलत होती आणि शेजारच्या बाईला विचारत होती, सोमवारी वार्षिक परीक्षेचे पेपर तपासून द्यायचे की मंगळवारी. तिने काही ऐकलंच नव्हतं. माझा संसार तिथे बाकड्यावर मांडलेला, आणि जिच्यापायी मांडलेला तिला पेपरांची काळजी. मला तिचा इतका राग आला, की ती रडली असती तरी तेवढा आला नसता.

खेळ संपायच्या आत मी घरी आले. हे दिवेलागणीला आले. नेहमी मंडळाच्या गाडीतून उशिरा येत, त्या दिवशी एकटे चालत आले. तोंड धुतलेलं नव्हतं. मागच्या अंगणात दगडावर बसले आणि वाटीतलं खोबरेल तोंडाला चोळू लागले. मी दारात उभी राहिले.

“पुंडलिकाक तो प्रश्न तू दिलंस,” हे म्हणाले.

“तेंनी सांगितल्यानी?”

“तेना कित्याक सांगाक व्हयां? सुवर्णध्वजाचां स्वयंवर झालां होतां. बापाशीच्या आज्ञेन लगीन ह्यां कथेत खंय होतां?”

“व्हय. मीच दिलंय.”

“कित्याक?”

“घरात तुमी बोलणास नाय. थंय बोलतास.”

“घरात तू कधी इचारलंस?”

मी इंदूचं नाव गिळून बसले होते, शर्ट हुंगत होते, बांगडे सोडत होते, पण विचारलं नव्हतं.

“आता इचारतंय,” मी म्हटलं.

यांनी तेलाची वाटी खाली ठेवली. अर्धा चेहरा उघडा झाला होता, अर्धा अजून राजाचा होता.

“थंय माका कायव बोलाक येता, गो. सूर्य म्हण, चंद्र म्हण. तोंड उघडलां की येता. तेतूर खरां किती, खोटां किती, माझां माका कळणा नाय. आज पण उत्तर इल्लां. बरां उत्तर होतां. पण समोर तू बसलेलंस.” यांनी हातावरचं तेल पुसलं. “मगे तां बोलाक येयना.”

“हंय सांगा मगे. हंय कोण राजा नाय.”

“तुका खरां व्हयां?”

“व्हयां.”

“ती मनातसून गेल्ली नाय.”

एवढं सरळ बोलतील असं मला वाटलं नव्हतं. हे पुढे बोलत राहिले, माझ्याकडे बघूनच. “तिच्या घराकडे मी कधी गेलंय नाय. रस्त्यात गावली तर थांबणंय नाय. पुढेव जावचंय नाय. तिकायव ह्यां म्हाईत नाय. पण तू तां इचारूक नाय. तू मनाचां इचारलंस. मनातसून गेल्ली नाय.”

महिनाभर मी ठरवून ठेवलं होतं, की हे ऐकलं की काय काय करायचं. ओरडायचं, भांडी आपटायची, माहेरी निघून जायचं, सगळ्या वाडीला सांगायचं. त्यातलं काहीच जमेना. माणसाने चोरी पकडायला जावं आणि समोरच्याने सगळा मुद्देमाल आपणहून ओसरीवर आणून मांडावा, तसं झालं. आता आरडाओरडा कुणाच्या नावाने करायचा? हा माणूस फितूर होता आणि त्याने मला साधी थापसुद्धा मारली नव्हती.

“माका नको तां,” मी म्हटलं.

“काय?”

“खरां. माका व्हयां होतां, आता नको.” मी दारातून अंगणात उतरले. “पुंडलिकाक सांगतास तसां माका सांगा. सूर्य आणि पूर्व, काय तां. खोटां चलात. एकदाच सांगा.”

हे खरंच उठले. पाठ ताठ झाली, हनुवटी वर गेली, डावा हात उचलला. तेलाने माखलेल्या तोंडातून तो आवाज आला, मांडवभर पुरणारा, भरलेला आवाज. “प्रिये,” हे म्हणाले. शेजारचं कुत्रंदेखील उठून बसलं.

आणि हात तसाच राहिला. पुढे काही येईना. मी थांबले. वाटेल तितका वेळ थांबले असते. यांचे ओठ दोनदा हलले. शेवटी हात खाली आला आणि हे पुन्हा दगडावर बसले.

“जमाचां नाय माका, द्वारका,” हे म्हणाले, आपल्या रोजच्या बारीक आवाजात. “तुझ्याकडे खोटां बोलाक माका जमाचां नाय.”

लग्न झाल्यापासून यांनी मला “गो” सोडून कशानेही हाक मारली नव्हती. माझं नाव यांच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. एवढं सुंदर नाव, आणि ते घेतलं कशासाठी, तर नाही म्हणण्यासाठी. मी पदराच्या टोकाने यांच्या कानामागचा राहिलेला सफेदा पुसला आणि आत जाऊन भात वेळला.

यांनी सांगितल्याप्रमाणे केलं. नदीपलीकडे कधी गेले नाहीत, आणि माझ्याशी शेवटपर्यंत एक शब्द खोटा बोलले नाहीत. मी यांच्या खेळाला पुन्हा गेले नाही. पुंडलिककडे ब्लाऊज शिवायला टाकणंही मी बंद केलं. त्याला वाटलं, मी प्रश्नावरून रागावले. तसं नव्हतं. राणी होऊन त्याने यांच्या तोंडून काय काय ऐकलं असेल ते त्याच्याकडे बघताना आठवायचं आणि मला सोसायचं नाही, इतकंच.

पण आमच्या शेजारची रतन एकही खेळ चुकवायची नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर कळशी टेकवून सांगत बसायची, काल राजा राणीला असं म्हणाला, तुझ्यावाचून हे राज्य म्हणजे विझलेली चूल म्हणाला. माझे हात थांबायचे. सगळं खोटं, हे माझ्याइतकं पक्कं दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं?

“मगे?” मी विचारायची. “आनी काय म्हणालो?”